आग्रहाचा घास

मराठी भाषेत 'वजन' या शब्दाला जितकी प्रतिष्ठा आहे तितकी ती त्या वस्तूला नाही. एखाद्या गृहस्थाचे सचिवालयात वजन आहे असे म्हटले की ऐकणारा अदबीने मान हलवितो. एखाद्याच्या शब्दाला वजन असते. आणि कागद वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर ठेवावयाचे जे वजन, त्याचा दुसरा अर्थ आमच्या व्यवसायबंधूंना समजावून सांगण्याचे कारण नाही. आमच्या वाट्यास मात्र या शब्दाचा मूळचा, निरलंकृत अर्थच तेवढा आला. पदाने आम्ही केंद्र सरकारच्या एका खात्यातील कारकून. तेव्हा शब्दाला वजन असण्याचा प्रश्नच नव्हता. देहाला होते. २०२१ सालच्या उन्हाळ्यात ते एकशे सत्तावीस किलो भरले.

हा आकडाही सरळ मार्गाने हाती आला नाही. ज्या डॉक्टरांकडे आम्ही रक्तदाबासाठी जात असू त्यांच्याकडील काटा एकशे वीस किलोंवर थांबे आणि त्यापुढे निरुत्तर होई. डॉक्टर सज्जन होते. त्यांनीच सुचविले की बाजारात एका आडत्याच्या दुकानी मोहरीची पोती तोलण्याचा मोठा काटा आहे. त्या काट्यावर आम्ही भर दुपारी, गिऱ्हाईक नाही असे पाहून, चपला काढून उभे राहिलो. आडत्याने आकडा मोठ्याने वाचला, बारदानाचे वजन वजा करावे की काय असा सवयीने क्षणभर विचार केला, आणि चहा मागविला. चहात साखर भरपूर होती.

हे दुकान चाकसूचे. चाकसू हे गाव जयपूरच्या दक्षिणेस, टोंककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, सुमारे चाळीस किलोमीटरांवर आहे. जुन्या कागदांत त्याचे नाव चाटसू असे आढळते. जयपूर पाहावयास आलेला प्रवासी आमेरचा किल्ला आणि हवामहल पाहून परत फिरतो. चाकसूस तो उतरत नाही, आणि त्याने उतरावे अशी गावाचीही अपेक्षा नाही. वर्षातून एकदा शीतलामातेच्या जत्रेस मात्र येथे माणसांचा पूर लोटतो. आम्ही मूळचे मिरजेचे. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातून पदवी घेतली, स्पर्धा परीक्षा दिली, आणि पसंतीक्रमात शेवटून दुसरे लिहिलेले राजस्थान पदरी पडले. लग्न झाल्यावर सौ. येथे आली. कन्येचा जन्म मिरजेस झाला, पण तिला बोलता येऊ लागले ते येथे. त्यामुळे ती आमच्याशी मराठीत रागावते आणि बाहुलीशी हिंदीत.

घरापासून दूर नेमणुकीवर असलेल्या माणसाचे अन्नाशी जे नाते जडते ते या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. भाषा अर्धीमुर्धी येते. सणाची तिथी तीच असून महिन्याचे नाव वेगळे निघते. आप्तेष्ट हजाराहून अधिक किलोमीटरांवर असतात. अशा वेळी मनुष्य स्वतःच्या स्वयंपाकघरात आपले गाव उभे करतो आणि शेजाऱ्याच्या पंक्तीस बसून परक्या गावाचा होतो. आमच्या घरी मिरजेहून येणाऱ्या कांदा-लसूण मसाल्याचा डबा देवघरातल्या वस्तूइतक्या काळजीने ठेवलेला असे. सणाला पुरणपोळी, कटाची आमटी, आणि उरलेले पुरण दुसऱ्या दिवशी दुधात. दाराबाहेर चाकसू होते. आपण ज्याला आग्रह म्हणतो त्याला येथे मनवार म्हणतात. पण आपला आग्रह तीन वेळा 'नको' म्हटल्यावर संपतो, मनवारीला तेथून आरंभ होतो. बाटी फोडून तुपात बुडविली जाते, वर डाळ येते, मागून चुरमा येतो. आणि पानावर आडवा हात धरणाऱ्या पाहुण्याचा तो हात प्रेमाने बाजूस सारून यजमान स्वतः त्याच्या मुखात घास घालतो. येथे आल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत आमच्या घरमालकांनी असा घास आमच्या तोंडात घातला, तेव्हा आमचे वडील जाऊन वर्ष झाले नव्हते. तो घास नाकारणे आम्हांस शक्य नव्हते, आणि आजही ते शक्य व्हावे असे वाटत नाही.

प्रश्न केवळ कपड्यांचा किंवा कचेरीतील हात असलेल्या खुर्चीचा असता तर आम्ही शस्त्रक्रियेच्या वाटेस गेलो नसतो. खुर्चीचे हात काढता येतात. २०२० च्या हिवाळ्यापासून सौ. रात्री झोपेनाशी झाली. आमच्या घोरण्याची तिला सवय होती. ते मध्येच थांबे, त्याची नव्हती. श्वास थांबला की ती अंधारात आकडे मोजी. पंधरा झाले, वीस झाले, तरी श्वास येईना, की आम्हांस हलवून कुशीवर वळवी. हे तिने पुष्कळ दिवस आम्हांस सांगितले नाही. आमचे वडील चोपन्नाव्या वर्षी झोपेतच गेले होते. बोलून दाखविले तर ते खरे होईल अशी तिला भीती वाटत असावी. पुढे जयपुरातील एका रुग्णालयात अंगास तारा जोडून आम्हांस एक रात्र निजविण्यात आले. सकाळी सांगितले, तासाला सरासरी चव्वेचाळीस वेळा श्वास अडतो. त्याच आठवड्यात रक्तातील साखरेचाही निकाल लागला. मधुमेह होता, आणि तो आजचा नव्हता. आम्ही तेव्हा तेहतीस वर्षांचे होतो, कन्या चार.

तत्पूर्वीच्या सात वर्षांत आम्ही चार वेळा दहा-बारा किलो उतरविले होते. पहाटे टोंक रस्त्याने चाललो, भात सोडला, एकदा चाळीस दिवस साखर वर्ज्य केली. चारही वेळा वजन परत आले आणि येताना सोबत थोडे अधिक घेऊन आले. येथे एका गोष्टीचा उल्लेख करणे आवश्यक वाटते, कारण लठ्ठ माणसाला उपदेश करणाऱ्यांना ती बहुधा ठाऊक नसते. ऑस्ट्रेलियातील काही संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की आहार घटवून वजन उतरविलेल्या माणसांच्या रक्तातील भूक वाढविणारी द्रव्ये एक वर्ष लोटले तरी चढलेलीच राहतात आणि तृप्तीची द्रव्ये उतरलेलीच. शरीर आपले जुने वजन जणू हक्काचे म्हणून मागत राहते. जयपूरच्या शस्त्रवैद्यांनी हे आम्हांस सांगितले तेव्हा सौ. शेजारी बसली होती. बाहेर आल्यावर ती एवढेच म्हणाली, "म्हणजे तुमची जीभच तेवढी वाईट होती असे नव्हे." सात वर्षांत आमच्या बाजूने निघालेला तो पहिला निकाल होता.

वजनाला उंचीच्या वर्गाने भागले असता जो भागाकार येतो त्यास बॉडी मास इंडेक्स म्हणतात. ही रीत बेल्जममधील गणिती क्वेतले याची, १८३० नंतरच्या दशकातील. त्याला कोणाचा लठ्ठपणा मोजावयाचा नव्हता, 'सरासरी मनुष्य' शोधावयाचा होता. तिचे आजचे नाव १९७२ साली अमेरिकन संशोधक अॅन्सेल कीझ यांनी रूढ केले. आमचा भागाकार पंचेचाळीस आला. या आकड्यावर सर्वस्वी विसंबू नये हे दाखविण्याचा मान मात्र एका मराठी रुग्णालयातील संशोधकाकडे जातो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. दोघांचाही भागाकार २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, सडपातळ दिसणाऱ्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२. भारतीय माणसाची चरबी अशी आत लपून बसते, म्हणून त्याच्यासाठी मर्यादा खाली आणाव्या लागतात. शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत १९९१ साली ठरलेली मर्यादा चाळीस होती, आणि मधुमेहासारखा विकार सोबत असल्यास पस्तीस. २०२२ साली शस्त्रवैद्यांच्या दोन मोठ्या संघटनांनी ती पस्तिसावर आणली आणि आशियाई लोकांसाठी त्याहूनही खाली. आम्ही मात्र जुन्या, कडक नियमांतही प्रथम श्रेणीत उत्तीर्ण होत होतो.

आता परवानगीचे प्रकरण. चाकसूसारख्या ठिकाणी राहणाऱ्या केंद्रीय नोकरास १९४४ चे वैद्यकीय परिचर्या नियम लागू पडतात. खर्चाची भरपाई ठरलेल्या दराने मिळते आणि अशा शस्त्रक्रियेस आधी मंजुरी घ्यावी लागते. आमची नस्ती वरिष्ठ कार्यालयाकडे गेली आणि पाच आठवड्यांनी एक शेरा घेऊन परत आली : 'सदरहू शस्त्रक्रिया सौंदर्यवर्धनार्थ नसल्याबाबत खुलासा करावा.' आमचे छायाचित्र नस्तीत होतेच. त्यावरून सौंदर्याची शंका कोणास कशी आली हे आम्हांस समजले नाही. निद्रातपासणीचा अहवाल, साखरेचा अहवाल आणि हृदयतज्ज्ञांचे पत्र जोडून आम्ही खुलासा केला. साहेबांनी स्वाक्षरी करताना विचारले की थोडा संयम ठेवून भागणार नाही काय. ते स्वतः तेव्हा पान चघळीत होते.

संयमाच्या जोडीला शब्द असतो 'सोपा मार्ग'. हाही आम्ही भरपूर ऐकला. वस्तुतः २०११ साली नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करवून घेतली होती. ज्या अर्थखात्याच्या मंजुरीवाचून आमच्या कचेरीत एक कपाटही येत नाही त्या खात्याचे तत्कालीन मंत्री अरुण जेटली यांनीही सप्टेंबर २०१४ मध्ये मधुमेहासाठी दिल्लीत तीच वाट धरली होती. मंत्र्यांनी केली तर ती शस्त्रक्रिया, कारकुनाने केली तर पळवाट, असा भेद लोक करतात. पण आमच्या मनात घर करून बसले होते ते तिसरेच उदाहरण. फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी एका नामवंत लेखिकेने एका अतिस्थूल पोलिसाचे छायाचित्र थट्टेच्या ओळीसह प्रसृत केले आणि देश हसला. तो पोलीस मुंबईचा नव्हताच. मध्य प्रदेशात नीमच येथे नेमणुकीवर असलेला तो निरीक्षक होता. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या सैफी रुग्णालयात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि पुढे त्याचे साठ किलोंहून अधिक वजन उतरले. लोकांनी हा शेवट गोड मानला. आम्हांस राहून राहून वाटे, देश हसत होता त्या दिवशी त्या गृहस्थाने नीमचच्या कचेरीत हजेरीपटावर सही कशी केली असेल? दुपारचा डबा कोणाबरोबर उघडला असेल?

आईचा विरोध होता आणि तो निराधार नव्हता. तिला आठवत होती ती त्याच रुग्णालयात त्याच दिवसांत आणलेली इजिप्तची स्त्री. ती काही दशके घराबाहेर पडली नव्हती. मार्च २०१७ मध्ये तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, मे महिन्यात तिला अबू धाबीस नेले आणि सप्टेंबरात ती तेथे वारली. तिचे दुखणे अनेकपदरी होते, शस्त्रक्रियेला सहा महिने उलटून गेले होते, हे सारे आम्ही दूरध्वनीवरून समजावून सांगितले. आईने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "अरे, पण चांगले पोट कापून टाकायचे?" या प्रश्नाला उत्तर नाही. आमचे जठर निरोगी होते. निरोगी अवयवाचा तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकावयाचा, तो पुन्हा कधी जोडता यावयाचा नाही, आणि टाके गळण्याचा धोका, थोडा का होईना, स्वीकारावयाचा. असा हा व्यवहार. सौ. आणि आम्ही तीन रात्री गच्चीवर बसून यावर बोललो. तिसऱ्या रात्री तिने विचारले की न केल्यास काय होईल. आम्ही वडिलांचे वय सांगितले. त्यानंतर ती कधी त्या विषयावर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने माहेरी पत्र घालून भावास नोव्हेंबरात रजा काढून येण्यास कळविले.

शस्त्रक्रिया पुण्यास न करता जयपुरास करावी हे आम्ही ठरविले. शुश्रूषेस पुण्यात दहा माणसे मिळाली असती; पण शस्त्रक्रिया एका दिवसाची आणि तपासण्या आयुष्यभराच्या. ज्यांच्या नशिबी बदल्या आहेत त्यांनी हा विचार अगोदर करावा, एवढे सांगण्याचा अधिकार आम्ही घेतो.

या शस्त्रक्रियेचा इतिहास मोठा विलक्षण आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे एडवर्ड मेसन यांनी पाहिले की व्रणासाठी ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढावा लागे त्यांचे वजन पुढे घटलेलेच राहते. १९६६ साली त्यांनी त्याच तत्त्वावर लठ्ठ रुग्णांवर शस्त्रक्रिया केली. आमच्यावर झाली ती तिची धाकटी बहीण, 'स्लीव्ह'. स्लीव्ह म्हणजे बाही. जठराची पिशवी उभी कापून बाहीसारखी अरुंद नळी ठेवतात. ही मुळात अतिगंभीर रुग्णांसाठी एका मोठ्या शस्त्रक्रियेची पहिली पायरी होती. पुष्कळांना दुसरी पायरी चढावीच लागली नाही, तेव्हा पहिलीच स्वतंत्र झाली. जो भाग काढतात त्यातच भूक चाळविणारे घ्रेलिन नावाचे द्रव्य मुख्यतः तयार होते. ते १९९९ साली जपानी संशोधकांनी शोधून काढले. पोटावर पाच लहान छिद्रे पडली, दीड तास लागला, तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. याहून अधिक वर्णन करण्यासारखे त्यात काही नाही. आम्ही निजलो होतो.

वर्णन करण्यासारखे आहे ते नंतरचे. भूक गेली. कमी झाली असे नव्हे, गेली. वाड्यातील रोजचा घड्याळाचा ठोका एकाएकी बंद पडावा तशी. पहिले दोन आठवडे पाणी, डाळीचे पाणी, ताक, सारे चमच्याने. अर्धी वाटी मुगाचे कढण संपविण्यास पाऊण तास लागे. मग मऊ पदार्थ, महिन्याभराने घन. जेवताना पाणी प्यावयाचे नाही. अर्धा तास आधी आणि अर्धा तास नंतर. घास पंचवीस वेळा चावावयाचा. एक घास अधिक झाला तर छातीच्या मध्यभागी कोणी मूठ दाबून धरल्यासारखे होई. पोळी आणि भात यांनी प्रथम प्रथम फार छळले. मिरजेच्या माणसाला भाकरी ताकात कुस्करून खाण्यास शिकवावे लागत नाही, हे त्यातल्या त्यात बरे. चौथ्या महिन्यात केस गळू लागले. उन्हाळ्यातही हातपाय गार पडत. दंडाची आणि पोटाची कातडी सैल होऊन लोंबू लागली. ती तशीच आहे. लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी, बी-१२ चे इंजेक्शन हे आता संध्येसारखे नित्यकर्म. पण साखर पहिल्या तीन महिन्यांतच उतरली आणि औषध बंद झाले. सहाव्या महिन्यात पुन्हा एकदा तारा लावून निजविले, तेव्हा तासाला सहा.

सौ. त्या सुमारास पुन्हा झोपू लागली. याच सुमारास ती दुःखीही झाली, आणि त्याविषयी लिहिल्याखेरीज हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

चाकसूत तिला बोलावयास मराठी माणूस नव्हते. दिवसभर ती ज्या भाषेत आमच्याशी बोले ती भाषा पानात वाढली जाई. आज कटाची आमटी आहे म्हणजे आज तिला माहेरची आठवण आली. आज पिठले-भात आहे म्हणजे काल आम्ही तिला दुखविले आणि तिने ते मनावर घेतलेले नाही. सात वर्षे ही भाषा आम्ही समजत होतो आणि दुसऱ्यांदा वाढून घेऊन तिला उत्तर देत होतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या होळीस तिने पुरणपोळ्या केल्या. आम्ही चतकोर पोळी वीस मिनिटांत खाल्ली आणि थांबलो. तिने आग्रह केला नाही. डॉक्टरांनी तिलाच तसे बजावले होते. तिने उरलेल्या पोळ्यांवर झाकण ठेवले आणि ती बराच वेळ ओट्याशी पाठमोरी उभी राहिली. तुम्ही जगावे म्हणून मी हे मागितले, पण आता तुमच्यासाठी मी काय करू, असे ती पुढे एकदा म्हणाली. आम्हांस काही सुचले नाही. कन्येने दोन पोळ्या खाल्ल्या.

बाहेर निराळीच अडचण होती. गावात बातमी अशी पसरली की मराठी बाबूजींना 'मोठे दुखणे' झाले आहे. कचेरीतील शिपायाच्या मुलीचे लग्न होते. मांडवात त्याने स्वतः बाटी फोडली आणि आम्ही हात जोडले, तेव्हा त्याच्या तोंडावर जो भाव उमटला तो आम्ही विसरलेलो नाही. गरिबाघरचे चालत नाही काय, असा तो भाव होता. आम्ही त्यास बाजूस नेऊन सदरा वर करून पोटावरील पाच खुणा दाखविल्या. त्याने त्या बोटाने मोजल्या. मग आत जाऊन त्याने वाटीभर ताक आणले, आमच्या शेजारी बसला, आणि ते संपेपर्यंत, म्हणजे वीस मिनिटे, लग्नघरचा यजमान असूनही उठला नाही. त्या दिवसापासून आम्ही ही गोष्ट लपविणे सोडून दिले. जयपुरातील मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात अजून काहीजण आम्हांस कोपऱ्यात घेऊन खर्च विचारतात. आम्ही खर्चही सांगतो आणि केस गळतात हेही सांगतो.

शीतलामातेच्या जत्रेचे राहिले. शील की डूंगरी नावाच्या टेकडीवर देवीचे मंदिर आहे. जयपूरचे महाराज माधोसिंह यांनी ते बांधविले असे सांगतात. येथील पंचांगात ती तिथी चैत्र वद्य अष्टमी, आपल्यात तीच फाल्गुन वद्य अष्टमी. आदल्या रात्री रांधलेले अन्न दुसऱ्या दिवशी देवीस गार दाखवावयाचे आणि मग घरोघर तेच खावयाचे. त्या दिवशी चूल पेटत नाही. श्रावणातील आपली शिळासप्तमी पाळणाऱ्यांना हे परके वाटणार नाही. देवी देवीच्या रोगाची. भारतात त्या रोगाचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला, परंतु जत्रा ओसरलेली नाही. गाढव हे देवीचे वाहन, म्हणून त्या दिवशी त्यासही मान. आम्ही चाकसूत आलो तेव्हापासून दरवर्षी पायथ्याशी उभे राहून वर पाहिले होते. पायऱ्या चढणे श्वासास झेपत नसे. २०२२ च्या मार्चात शस्त्रक्रियेला चार महिने झाले होते आणि तीस किलो उतरले होते. आम्ही तिघे वर चढलो. दोनदा बसावे लागले. कन्या पुढे जाऊन वरून हाका मारीत होती.

खाली उतरल्यावर घरमालकांच्या घरी जेवण. तेच घर, जेथे पहिल्या दिवाळीत घास मिळाला होता. पानात पुए होते, पकोडी होती, आणि मातीच्या भांड्यात गार राबडी. बाजरीचे पीठ ताकात शिजवून केलेली ही राबडी म्हणजे आपल्या आंबिलीची सख्खी बहीण. घरमालकांच्या वृद्ध मातोश्रींनी आमच्याकडे पाहिले, पुए उचलून बाजूस ठेवले, राबडीची वाटी भरली आणि चमचा घेऊन आमच्या पुढ्यात बसल्या. एक चमचा, मग थांबणे. दुसरा चमचा, मग थांबणे. दरम्यान त्यांनी आम्हांस १९८१ च्या पुराची हकीकत सांगितली, त्यांच्या दिराच्या लग्नाची सांगितली, विकलेल्या म्हशीची सांगितली. चौदा चमचे झाले. सौ. समोर बसून हे पाहत होती. त्या संध्याकाळी परत येताना तिने वाटेत कुंभाराकडून एक लहान मातीचे भांडे घेतले. आता आमच्याकडे रात्रीचे जेवण पाऊण तास चालते. वाढण्यासारखे फार नसते, म्हणून ती बोलते.

सर्वांत कमी वजन ब्याऐंशी किलो झाले होते, दीड वर्षाने. आज सत्याऐंशी आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या आणि चार हजारांवर लोकांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासातही हेच दिसले : पहिल्या एक-दोन वर्षांत वजन तळाशी जाते, मग काही वर्षे थोडे थोडे वर येते आणि स्थिरावते, मृत्यूचे प्रमाण मात्र शस्त्रक्रिया झालेल्यांत कमीच राहते. भूकही परत आली आहे, जुन्या ओळखीच्या माणसासारखी दार वाजवून. पण आता ती उंबऱ्यावर थांबते. २०२५ साली आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाची नवी औषधे भारतात आली, तेव्हा कचेरीतील सहकाऱ्यांनी, बाबूजी, चार वर्षे थांबला असता तर पोट वाचले असते, अशी हळहळ व्यक्त केली. ती औषधे गुणकारी आहेत यात शंका नाही. बंद केली की बहुतेकांचे वजन परत येते, आणि चालू ठेवावयाची तर किंमत आहे. पण आमच्यापुढे प्रश्न चार वर्षांचा नव्हता. तासाला चव्वेचाळीस वेळा अडणाऱ्या श्वासाचा होता.

आमची बदली यंदा अपेक्षित आहे. कोठे, ते ठाऊक नाही. पसंतीक्रमात आम्ही पुणे प्रथम लिहिले आहे, म्हणजे ते मिळणार नाही. सौ.ने शस्त्रक्रियेचे कागद, दर सहामाहीचे रक्ताचे अहवाल आणि गोळ्यांची यादी एका पाकिटात घालून मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवली आहे. बी-१२ चे पुढचे इंजेक्शन चैत्रात आहे. येथल्या चैत्रात की आपल्या, हे तिने पाकिटावर तारखेसह लिहून ठेवले आहे.